चॉकलेटी हेलिकॉप्टर

आमचे शेजारी भालेराव कुठलीही वस्तू बघायची झाली की आधी डोळे मिटायचे. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही, खरोखर मिटायचे. भाजीवालीसमोर उकिडवे बसून, डोळे गच्च मिटून वांग्यावरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "हे किडकं हाय मावशी, बाजूला ठेवा." मावशी चिडून वांगं चिरायची आणि आत अळी निघायची. त्यामुळे ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की ती अर्धी पाटी झाकून ठेवायची.

आम्ही सावेडीत राहायला आलो त्या आठवड्यात ते आमचं नवं कपाट बघायला आले. कपाटासमोर उभे राहिले, डोळे मिटले, दोन्ही तळवे दारावर टेकवले आणि बराच वेळ तसेच राहिले. आमच्या हिला वाटलं, गृहस्थ प्रार्थना करतायत. तिने पदर डोक्यावर घेतला. तेवढ्यात डोळे उघडून ते म्हणाले, "दार दोन सूत खाली बसलंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-फिटर लोकांचं माप. भालेरावांनी ते सगळ्या जगाला लावलं होतं. चहात साखर दोन सूत जास्त व्हायची. मुलीचे गणिताचे मार्क तीन सूत कमी पडायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी चार शब्द बोललो तर दुसऱ्या दिवशी कंपाउंडवरून अभिप्राय आला, "भाषण झकास. फक्त शेवटाला चार सूत लांबलं." मी वडिलांचा शाडूचा अर्धपुतळा केला होता. त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "सर, उजवी नाकपुडी एक सूत वर हाय." मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग मोजून बघितली. वर होती.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. 'डोळे उघडे ठेवून बघा रे' हे पोरांना सांगण्यात माझा घसा गेला, आणि शेजार मिळाला तो असा.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. सावेडीत तेव्हा बंगल्यांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि संध्याकाळी त्यांत म्हशी चरायच्या. भालेराव आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. वय चाळिशीला टेकलेलं, अंगाने काटक, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मापं घ्यायचा कॅलिपर. मूळ गाव जामखेडकडचं. वहिनी दवाखान्यात नर्स होत्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजी फुलं, आणि पोर्चमध्ये लिलावातून आणलेला लेथ, लोखंड कातायचं यंत्र. लेथ पोर्चमध्ये असल्यामुळे स्कूटर उन्हापावसात बाहेर. "आमच्याकडं यंत्राला घर आहे, वाहनाला नाही," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

तर त्या लेथवर भालेराव हेलिकॉप्टर करत होते.

मला ते कळलं पोह्यांच्या डब्यामुळे. वहिनी एका सकाळी आमच्याकडे पोहे मागायला आल्या. पोहे घरात होते, पण डबा गायब झाल्याने ते परातीत पडले होते आणि मांजराने त्यात लोळण घेतली होती. डबा सापडला तो लेथवर, बुडाला सगळीकडून भोकं पाडलेला. "चांगलं स्टील हाय, सर," भालेराव मला समजावून सांगू लागले, "ह्याच्या आत रॉकेल जाळायचं. पुढून ह्या चाकानं हवा दाबायची. मागून झोत निघतो, त्या झोतावर दुसरं चाक फिरतं, आणि त्याच्यावर वरची पाती." चाक त्यांनी ट्रकच्या भंगारातून आणलं होतं. हेलिकॉप्टर आमच्या दिवाणाएवढं लांब होणार होतं, हातातल्या रिमोटवर उडणार होतं आणि खऱ्या हेलिकॉप्टरासारखं जेट इंजिनावर चालणार होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन हिला म्हणालो, आपले डबे आत ठेव.

पहिल्यांदा इंजिन पेटलं तेव्हा मागच्या बाजूने हातभर ज्वाळा निघाली आणि आमच्या तारेवरचा टॉवेल गेला. त्यानंतर प्रत्येक चाचणीला ओलं पोतं घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते नाइलाजाने पत्करलं. माझे आणखी कपडे तारेवर होते.

एकदा लष्कराच्या प्रदर्शनात खरं हेलिकॉप्टर ठेवलं होतं. भालेराव सकाळीच गेले, रांग लावली, हेलिकॉप्टरापाशी पोचले आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून त्याला कवटाळून उभे राहिले. शेपटीपासून नाकापर्यंत वितींनी मोजत निघाले. मागची रांग खोळंबली. जवानाने विचारलं, "भाईसाब, क्या कर रहे हो?" हे डोळे न उघडता म्हणाले, "देख रहा हूँ." त्यांना तंबूत नेऊन बसवलं, चहा पाजला, आणि हा माणूस निरुपद्रवी आहे अशी खात्री पटल्यावर सोडून दिलं. घरी आले ते नाचतच. "सर, रिबिटं टपोरी हायती! फोटूत कळत न्हाई. हाताला मुगाच्या दाण्यासारखी लागत्यात." पुढचे कित्येक महिने ते टाचण्यांची डोकी कापून पत्र्यावर रिबिटं, म्हणजे पत्रा जोडायचे रिव्हेट, बसवत होते.

इतकं बारीक काम मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. दारं उघडायची, त्यांना खटके होते. आत बसायच्या जागा होत्या, त्यांना खरं कातडं शिवलेलं होतं, प्रत्येक जागेला पट्टा आणि पट्ट्याला बक्कल. पायलटच्या पायाखाली पायटे, म्हणजे पेडल, होते. आणि एवढं सगळं झाल्यावर ह्या माणसाने त्याला फाटकाचा उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट फासला! तोही फाटकासारखाच, ओघळांसकट.

माझ्यातला चित्रकार कळवळला. "भालेराव, मी रंगवून देतो. हिरवा, करडा, खाली फिकट. नंबर टाकतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"रंगाचं ऱ्हाऊ द्या, सर. गंज चढू नये म्हणून लावलाय."

"अहो, आतल्या बकला करत बसलात, त्या कोणाला दिसणार आहेत? आणि जे सगळ्यांना दिसणार त्याला फाटकाचा रंग?"

"बघणारं हाय एक मानूस," ते म्हणाले आणि डोळे मिटून दाराचा खटका चाचपत बसले. मी तिरमिरीत निघून आलो.

वहिनींनी माझी तिरमिरी बघितली असावी. संध्याकाळी कंपाउंडपाशी येऊन म्हणाल्या, "सर, त्यांना रंगाचं नका म्हणू. ते आक्कांसाठी चाललंय सगळं. आक्कांना दिसत नाही."

आक्का म्हणजे भालेरावांची थोरली बहीण. गावी मोठ्या भावाकडे राहायची. तान्ही असताना अंगावर देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. आई-वडील दिवसभर कामावर, त्यामुळे उत्तमला, म्हणजे आमच्या भालेरावांना, आक्काने वाढवलं. तो चालायला लागल्यावर तिचा हात धरून तिला सगळीकडे न्यायचं काम त्याचं. जे दिसेल ते तो तिच्या हातात आणून द्यायचा. सरडा, कणीस, पोस्टमनची टोपी, सायकलची घंटी. आक्काने जग पाहिलं ते असं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला जायचं. आक्का तिथे बाभळीखाली बायांची पोरं सांभाळायची. एक दिवस त्या कामावर कुणी मोठा माणूस पाहणीला आला, तो हेलिकॉप्टरातून. सगळं गाव बघायला पळालं. पुढे महिनोन्महिने गावात दुसरा विषय नव्हता. आक्का ज्याला त्याला विचारायची, कसं होतं? कुणी म्हणे टोळ, कुणी म्हणे शेपटाचं मडकं. हातात आणून द्यायची ती वस्तू नव्हती. आक्काच्या वाट्याला आवाज आला, आणि तोंडात गेलेली धूळ.

"तीन-चार वर्षांमागं त्या आल्या होत्या," वहिनी सांगत होत्या, "तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, उत्तम, समदं हातानं बघून झालं, तेवढं एक ऱ्हायलं. झालं! ह्यांनी सागवानी हेलिकॉप्टर केलं. आक्कांनी मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, हे मुकं हाय. मग ह्यांचा एक विद्यार्थी दुबईला असतो, त्याच्याकडनं पेट्रोलचं छोटं इंजिन आणि रिमोट मागवला. ते बसवून दुसरं केलं आणि वर्षभर दोरी बांधून उडवायला शिकले. आक्कांना बोलावून उडवून दाखवलं. त्या म्हणाल्या, ही तर लूना हाय. तवा कुठं लूना हुती? आणि हसत सुटल्या."

मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

"आता शुगर झालीय त्यांना. बोटांची टोकं बधिर होत चाललीत. घरातलं धान्य त्याच निवडायच्या, एक खडा राहायचा नाही. आता भातात खडे लागतात. गावी गेलो की सगळे गपचूप गिळतात, कुणी बोलत नाही. पण त्यांना का कळत नसेल? बोटं जायच्या आत व्हायला पाहिजे हो हे, सर. एवढंच आहे."

मी रंगाचा विषय परत काढला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पोर्चमध्ये गेलो, खाली बसलो, डोळे मिटले आणि शेपटीपासून हात फिरवत निघालो. डाव्या चाकापाशी बोट अडलं. "इथं धार राहिलीय," मी म्हणालो. भालेरावांनी चाचपून बघितलं. "व्हय की!" ते म्हणाले, आणि कानस माझ्याच हातात दिली. त्या माणसाचा मला लळा लागला तो त्या रविवारपासून.

इंजिनाने मात्र आमचा अंत पाहिला. कधी पेटायचं नाही, कधी पेटून विझायचं, कधी आतलं बेअरिंग जळायचं आणि भालेराव दोन दिवस जेवायचे नाहीत. सुरू करायला आधी आत हवा मारावी लागे. त्यासाठी जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटार आणली होती, तिची वायर आमच्या स्वयंपाकघरातून जायची. आधी बारीक शिट्टी, मग ती चढत चढत कानात दडे बसवणारी. गल्लीतल्या म्हशींनी दूध कमी केलं अशी तक्रार आली. भालेरावांनी तक्रार घेऊन आलेल्या गवळ्यालाच विचारलं, "आवाज कसा वाटला? खऱ्यासारखा?" गवळी म्हणाला, "मी खरं कुठं ऐकलंय?" भालेराव खट्टू झाले. कान फक्त आक्काचे उपयोगाचे होते.

शेवटी बुद्धपौर्णिमेला आक्काला आणायचं ठरलं. आदल्या दिवशी भालेराव जामखेडच्या एसटीने तिला घेऊन आले. मी काहीतरी हळवी, दुबळी बाई डोळ्यांपुढे आणली होती. आली ती उंच, ताठ, खणखणीत आवाजाची बाई. माझी ओळख करून दिल्यावर म्हणाली, "चित्रं काढता व्हय? मग तुमचं आमचं जमायचं न्हाई." आणि स्वतःच हसली.

सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, आम्ही समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जमलो. हेलिकॉप्टर मधोमध ठेवलं होतं. ते भरकटू नये म्हणून चारी बाजूंनी सैल दोऱ्या बांधून त्या खुंट्यांना अडकवल्या होत्या. भालेरावांच्या गळ्यात रिमोटचा डबा. मी ओलं पोतं घेऊन. वहिनी आक्काचा हात धरून खुंट्यांच्या बाहेर, लांब उभ्या. भालेरावांनी रात्रीपासून तोंडात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

मोटार घरघरली. पेटलं. शिट्टी चढायला लागली. पाती हळूहळू फिरू लागली, मग दिसेनाशी झाली, आणि शिट्टीच्या खाली फट्-फट्-फट् असा दुसरा आवाज सुरू झाला. माझं लक्ष हेलिकॉप्टराकडे नव्हतं. मी आक्काकडे बघत होतो. तिने वहिनींचा हात सोडला होता आणि मान थोडी वाकडी केली होती. प्लॉटवरची सगळी धूळ उठली आणि तिच्या तोंडावर गेली. वहिनींनी तोंड फिरवलं. आक्काने फिरवलं नाही. तिने तोंड उघडलं.

हेलिकॉप्टर वर उठलं. गुडघ्याएवढं, मग कंबरेएवढं. डुलत, थरथरत, ओघळांचा चॉकलेटी रंग उन्हात चमकवत ते हवेत उभं राहिलं. भालेरावांचे ओठ एकसारखे हलत होते. मग त्यांनी ते खाली घेतलं. एका बाजूला जरा जोरात टेकलं, पण टेकलं. इंजिन बंद केलं, शिट्टी उतरत उतरत विझली, आणि आक्का म्हणाली, "हेच हाय त्ये."

भालेरावांनी तेव्हा कुठे पाणी मागितलं.

इंजिन निवेपर्यंत आक्काला दम धरवेना. "झालं का रं गार?" असं ती सारखं विचारत होती. शेवटी भालेरावांनी तिला जवळ नेऊन बसवलं. ती हात लावू लागली. बोटं रिबिटांवरून जात होती, पण थांबत नव्हती. तिला रिबिटं कळत नव्हती. तिने परत एकदा बोटं फिरवली. भालेराव दुसरीकडे बघायला लागले. मग आक्काने बोटं मुठीत मिटून घेतली, वाकली, आणि हेलिकॉप्टराला गाल लावला. गाल लावून ती शेपटीपासून पुढे सरकत आली. दारापाशी ओठ टेकले. "दाणं दाणं हायती," ती म्हणाली. मनगटाने तिने दार ढकललं, खटका वाजला. आत करंगळी घालून पट्टा ओढला. "हितं बसला हुता व्हय मोठा मानूस? बांधून ठेवलेला?" पायटे, काच, पुढचं चाक, वरची पाती, सगळं तिने गालाने आणि ओठांनी बघितलं. ऑइलपेंटचा वास तिच्या चेहऱ्याला लागला असेल. भालेराव निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे उभे होते.

बऱ्याच वेळाने ती ताठ बसली.

"उत्तम, त्या दिशी माझा हात तुझ्या हातात हुता."

वहिनींनी सांगितलेल्या गोष्टीत हे नव्हतं. वहिनींनाही ते ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"व्हय, आक्का," भालेराव म्हणाले.

"सोडून पळालास. समदी पळाली त्याचं काय न्हाई. तू पळालास. मी बाभळीखाली हुबी, धुळीत. कुनाला हाक मारावी ते कळंना. लई वर्सं मनात हुतं माझ्या, की आसं काय आसंल त्ये, की ह्यानं हात सोडावा." तिने पुन्हा एकदा दारावर मनगट फिरवलं. "आज बघितलं. मला डोळं आसतं ना उत्तम, तर मीच आधी तुजा हात सोडला आसता."

सगळ्या गोष्टी सुतात मोजणारा तो माणूस नाक शर्टाच्या बाहीला पुसत राहिला. वहिनी पुढे झाल्या आणि थांबल्या. माझ्या हातातल्या पोत्यातून पाणी ठिबकून माझा पाय भिजला होता, ते मला आत्ता जाणवलं.

आक्का उठून उभी राहिली. साडी झटकली. "आता परत चालू कर," ती म्हणाली, "आन् मला तिकडनं, लांबनं, त्याच्याकडं पळत ने. समदी पळाली तशी."

"मग उडवील कोण?"

"उडायला कशाला पायजे? आवाज करू दे, धूळ उडू दे. बास."

इंजिन परत पेटलं. पाती फिरायला लागल्यावर भालेरावांनी गळ्यातला रिमोट काढून माझ्या गळ्यात घातला. "नुसता धरा, सर. कशालाच हात लावू नका," ते कानाशी ओरडले. मी एका हातात पोतं आणि दुसऱ्या हातात रिमोट घेऊन श्वास रोखून उभा राहिलो. ते दोघं प्लॉटच्या पार टोकाला, कडुलिंबापाशी गेले. भालेरावांनी तिचा हात धरला.

"खुंटीपाशी थांबायचं बरं का, आक्का!" ते ओरडून सांगत होते. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती पळत सुटली होती. पन्नाशीला आलेली ती बाई एका हाताने साडी वर धरून त्या आवाजाच्या रोखाने धुळीत पळत येत होती, आणि भालेराव तिच्या मागे ओढले जात होते.